एकाच दुखण्याची सहा नावं

अध्यक्ष डॉक्टरसाहेब, सुभद्रावहिनी, दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य कार्यालयांतले माझे सोबती, आणि लांबलांबच्या खेड्यांतून आज इथं आलेल्या मायबहिणींनो,

मी उभी राहिले खरी, पण कुठून सुरू करू ते कळत नाही. घरून लिहून आणलं होतं. गाडीत बसून दोनदा वाचलं, आणि बडनेरा यायच्या आत घडी घालून ठेवून दिलं. त्यात सगळं बरोबर लिहिलं होतं. पण ते कोणाबद्दलही चाललं असतं. आपण इथं वाटेल त्या माणसासाठी जमलेलो नाही. आपण वानखडेबाबूंसाठी जमलो आहोत.

एवढी माणसं पाहून त्यांना अवघडल्यासारखं झालं असतं. म्हणाले असते, "सिस्टर, आज इतक्या लोकाइले काम नाही काय?" आणि मागच्या रांगेत जाऊन बसले असते.

मी सिंधू काळमेघ. अकोल्याच्या आरोग्य कार्यालयात नर्स आहे. खेड्यांच्या फेऱ्या करणं, बाळंतिणी पाहणं, देवीची लस टोचणं, हे माझं काम. नामदेव वानखडे अमरावतीच्या कार्यालयात रेकॉर्ड कारकून होते. शेवटपर्यंत तोच हुद्दा. भातकुलीच्या बाजूच्या एका खेड्यातले. आईबाप दुसऱ्याच्या वावरात रोजानं जायचे. त्यांच्या वस्तीत मॅट्रिक झालेले ते पहिले. आज त्यांना जाऊन बारा दिवस झाले. वय पंचेचाळीसही नव्हतं.

हा माणूस डॉक्टर नव्हता. यानं कोणाला सुई टोचली नाही, औषध दिलं नाही. मग एवढ्या बाया लेकरं घेऊन इथं का आल्या आहेत? ते मला सांगायचं आहे. मला दुसरं काही सांगता येणारही नाही.

आपल्या वऱ्हाडाचे कागद पूर्वी नागपूरला जायचे. मग मुंबईला जायला लागले. साठ साली नवं राज्य झालं, आणि पुढे वरून एक हुकूम आला. अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांत कोणत्या रोगानं किती माणसं दगावली, त्याचा एकत्र गोषवारा करा. काम वानखडेबाबूंच्या टेबलावर आलं.

ऐकायला सोपं वाटतं, नाही का? दोन्हीकडचे आकडे घ्या आणि बेरीज करा. पण रोगाचं नाव येतं कुठून? माणूस गेला की घरचे कोतवालाला सांगतात. कोतवाल आपल्या बुकात लिहितो. घरच्यांच्या तोंडी जो शब्द, तोच बुकात. एका गावात ढाळ, दुसऱ्या गावात हगवण, तिसऱ्यात मोडशी. छापील फॉर्मवर यातला एकही शब्द नाही. तिथं पुण्याकडचे मोठमोठे शब्द. मग कारकून काय करतो? 'इतर' या रकान्यात टाकतो. नाहीतर 'ताप' लिहितो. ताप तर मरताना पुष्कळांना असतो. आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं. कोणाला त्यात काही वाटलं नाही.

वानखडेबाबूंना वाटलं.

त्यांचं एक कार्ड आमच्या कार्यालयात आलं. त्यात लिहिलं होतं, 'आपल्याकडील बुकांत लहान लेकरांपुढे डबा असे लिहिलेले आढळते. तरी डबा म्हणजे लेकराची छाती भरते की पोट फुगते, ते कळवावे.' आमचे हेडक्लार्क मोठ्यानं हसले. म्हणाले, "अमरावतीवाल्याले डबा माहीत नाही! घ्या सिस्टर, तुमीच द्या उत्तर."

मी कार्ड घेतलं आणि लिहायला बसले. आणि मला लिहिता येईना. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते. नोकरीत हजारदा ऐकला होता. पण छाती की पोट? मी कधी विचारलंच नव्हतं. पुढच्या फेरीत तीन आयांना विचारलं. दोघी म्हणाल्या, छाती. एक म्हणाली, पोट. मी तसंच कळवलं, जरा भीतभीतच, कारण ते काही उत्तर झालं नव्हतं. आठ दिवसांनी त्यांचं कार्ड आलं. 'उत्तर मिळाले. दोन चिठ्ठ्या करतो. आभारी आहे.'

तिथून आमची ओळख.

काही महिन्यांनी ते स्वतः आले, अकोल्याची बुकं पाहायला. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, पिशवीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे. रद्द झालेल्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजू कापून त्यांनी चिठ्ठ्या केल्या होत्या. सुताच्या दोऱ्यानं बांधलेल्या.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगायला मला लाज वाटते. पण आज सांगितली नाही तर केव्हा सांगणार? त्या पहिल्या दिवशी आमच्या शिपायानं चहा आणला. वानखडेबाबूंचा कप वेगळा होता, खिडकीत ठेवलेला, कान तुटलेला. मी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. कोणी बोललं नाही. मीही बोलले नाही. त्यांनी चहा प्यायला, कप स्वतः विसळला, आणि पुन्हा बुकात डोकं घातलं. मी शेतकऱ्याच्या घरची. आमच्या घरी हेच चालत आलेलं. मी नर्स होते, कोणाच्याही अंगाला हात लावायची, आणि तरी त्या कपाबद्दल माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. दुसऱ्या दिवशी मी घरून दोन सारखे कप नेले. एक त्यांच्यापुढे ठेवला, एक माझ्यापुढे. ते कपाकडे पाहून म्हणाले, "सिस्टर, तुमच्या घरचे कप फुटतीन इथी." बस. एवढंच बोलले. पुढे कधी तो विषय त्यांनी काढला नाही.

त्यांच्या कामाची रीत सांगते. एका दुखण्याला एक मुख्य शब्द. तो मोठ्या चिठ्ठीवर, वर. त्याच्या खाली लोक त्या दुखण्याला जे जे म्हणतात ते सगळे शब्द, आणि कोणत्या गावी म्हणतात ते. शिवाय त्या प्रत्येक शब्दाची एक लहान चिठ्ठी, तिच्यावर लिहिलेलं, 'अमुक पाहा'. म्हणजे कोतवालानं कोणताही शब्द लिहू द्या, कारकून त्या चिठ्ठीवर जाईल आणि चिठ्ठी त्याला मुख्य शब्दाकडे नेईल. अमरावतीतही तीच चिठ्ठी, अकोल्यातही तीच. दोन्ही कार्यालयांचा एकच शब्दसंग्रह.

आज अध्यक्षस्थानी असलेल्या, आमच्या अकोल्याच्या डॉक्टरसाहेबांचं आणि त्यांचं यावरून वाजलं होतं. साहेब, तुम्ही हसता आहात, म्हणजे तुम्हाला आठवतं. साहेब म्हणाले होते, "वानखडे, हे गावंढळ शब्द काढून टाका. शास्त्रीय नावं ठेवा. लोकांना सवय होईल." आणि वानखडेबाबू उभ्यानंच म्हणाले, "साहेब, शब्द काढून टाकतो. पण त्या गावचा कागद आला तर कुठी लावू?" साहेब म्हणाले, "ठेवा." साहेबांचा मोठेपणा की त्यांनी ऐकलं. पुष्कळ जण ऐकत नव्हते. कार्यालयात मागून बोलणारे होतेच, की बाबू आता डॉक्टरकी शिकवून राहिला.

शब्द गोळा करायला ते सुटीच्या दिवशी गावोगाव जायचे. 'कोणता रोग झाला होता?' असं त्यांनी कधी विचारलं नाही. ते विचारायचे, "सांगा, पहिल्या दिवशी काय झालं? मंग काय झालं? मंग?" आणि ऐकत बसायचे. लोक कधी खोटंही सांगायचे. एका बाजाराच्या गावी उलटी-ढाळ लागून एकामागून एक माणसं गेली, आणि पाटलानं कोतवालाला सगळ्यांच्या नावांपुढे 'मोडशी' लिहायला लावलं. पटकी, म्हणजे कॉलरा, लिहिली असती तर बाजार बंद झाला असता. वानखडेबाबूंनी पाटलाला दोष दिला नाही. त्यांनी चिठ्ठीवर लिहून ठेवलं, 'मोडशी हा शब्द एकाच गावी एकाच आठवड्यात पुन्हा पुन्हा आल्यास पटकी पाहा.' पुढच्या पावसाळ्यात त्याच चिठ्ठीमुळे एका गावी औषध वेळेवर पोचलं. मीच ते घेऊन गेले होते.

मंडळी, आता जे सांगणार आहे ते सांगायला मी वानखडेबाबूंच्या पत्नीची, सुभद्रावहिनींची परवानगी घेतली आहे. काल संध्याकाळी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांग बाई. सगळ्याइले समजू दे."

एका हिवाळ्यात ते आठवडाभर अकोल्याला आले. तान्ह्या लेकरांच्या मृत्यूची पानं लावायची होती. मी मदतीला होते. मी बुकातून वाचायची, ते लिहायचे. सटवी. आकडी. दातखिळी. दूध सोडलं. बाहेरचं. ताप. हे शब्द सारखे येत होते. अकोल्याकडे सटवी जास्त, अमरावतीकडे दातखिळी जास्त. फॉर्मवर यातले काही 'इतर' मध्ये गेलेले, काही 'ताप' मध्ये.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "सिस्टर, नाव वाचू नका. लेकरू कितव्या दिवशी गेलं तेवढं वाचा."

मी वाचायला लागले. सातवा. आठवा. सहावा. आठवा. नववा. सातवा.

वाचता वाचता माझाच आवाज बसला. सटवीची लेकरं, आकडीची लेकरं, दातखिळीची लेकरं, सगळी त्याच चार-पाच दिवसांत गेलेली. आधी दूध सोडायचं. मग जबडा घट्ट. मग अंग लाकडासारखं ताठ. आईला जे पहिल्यांदा दिसलं ते एकीनं सांगितलं, जे शेवटी दिसलं ते दुसरीनं सांगितलं. आजीनं सटवी सांगितली. सहा नावं, दुखणं एक. डॉक्टरसाहेबांना पानं दाखवली. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "धनुर्वात. नाळेतून." विळ्यानं कापलेली नाळ, तिच्यावर लावलेली गोवरीची राख. एवढंच कारण. रोखता येण्यासारखं.

वर्षानुवर्षं ती लेकरं आमच्या कागदांवर होती, पण सहा नावांखाली वाटलेली. म्हणून कोणाला दिसली नाहीत. मलाही दिसली नाहीत. त्यांतल्या काहींच्या घरी मी स्वतः गेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मूर्तिजापूरकडची बुकं काढली. मी वाचत होते. गाव वाचलं. तारीख वाचली. 'मुलगी, नाव ठेवले नाही. वय आठ दिवस. कारण, ताप.' बापाचं नाव वाचायला गेले आणि थांबले. बापाचं नाव नामदेव होतं. आडनाव वानखडे. राहणार, भातकुलीकडचं ते गाव.

त्यांनी हात पुढे केला. मी बुक दिलं. त्यांनी ती ओळ पाहिली. मग म्हणाले, "ताप नव्हता, सिस्टर. अंगाले हात लावला तं गार होती. दूध सोडलं होतं तिनं."

सुभद्रावहिनींचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. वानखडेबाबू सातव्या दिवशी लेक पाहायला गेले, आणि आठव्या दिवशी तिला पुरून परतले. त्या गोष्टीला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. आम्हाला कोणालाच माहीत नव्हती.

मी म्हटलं, "बाबू, आज राहू द्या. उद्या करू."

ते म्हणाले, "नाही. तिची चिठ्ठी कराची राहिली."

आणि त्यांनी चिठ्ठी केली. इतरांची करत होते तशीच, त्याच अक्षरात. गाव, दिवस, लोकांचा शब्द, मुख्य शब्द. मग गठ्ठ्यात लावली. मग मला म्हणाले, "वाचा पुढचं." मी पुढचं वाचलं. मला रडू येत होतं, आणि ते लिहीत होते, म्हणून मी वाचत राहिले.

त्या शनिवारी ते घरी गेले. पुढचं मला वहिनींनी सांगितलं आहे. लेक गेल्यापासून घरात एक बोल होता. सुभद्रा पाचव्या दिवशी खोलीबाहेर आली होती, पाणी घ्यायला. सटवीच्या दिवशी बाळंतीण उंबरा ओलांडून गेली, म्हणून लेकरू गेलं. सासू म्हणायची, माहेरच्याही म्हणायच्या. पुढे घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले देव गेले, पण हा बोल गेला नव्हता. आणि खरं सांगायचं तर वहिनींनी स्वतःही ते मानलं होतं. पुढे दोन मुलं झाली, जगली, तरी मानलं होतं. तहान लागली म्हणून मी माझी लेक घालवली, असं ही बाई इतकी वर्षं मनात घेऊन जगली.

वानखडेबाबू घरी गेले, आईला समोर बसवलं, बायकोला समोर बसवलं. म्हणाले, "मा, आज आइक. पोरीले सटवी नव्हती. धनुर्वात होता. विळ्याचा होता. सुभद्रा पाणी प्याले गेली, त्याचा काही संबंध नाही." आई काहीतरी बोलायला लागली. ते म्हणाले, "म्या कागद पायले, मा. घरातच बसून राहिलेल्या बायाइचीही लेकरं गेली. आठव्याच दिवशी गेली."

वहिनी उठून मागच्या दारी गेल्या आणि खूप रडल्या. म्हाताऱ्या सासूबाई त्यांच्या मागे गेल्या, आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिल्या. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "सिंधूबाई, ते ऐकून पोरगी काही परत आली नाही. पण मी परत आली."



एक प्रसंग अजून राहिला. त्यांच्याच गावच्या बाजूच्या खेड्यात गंगामाय नावाची सुईण आहे. चाळीस वर्षं त्या खेड्यातली बाळंतपणं तिच्या हातची. त्या खेड्याची पानंही अशा लेकरांनी जड होती. तिला सांगायचं कसं? मी म्हटलं, मी सांगते, जिल्हा माझा नसला तरी काम माझंच आहे. वानखडेबाबू म्हणाले, मी सोबत येतो.

मी सांगायला सुरुवात केली. विळा, राख, नाळ. गंगामाय ऐकत होती. आधी चिडली. "माह्या सासूनं हेच केलं, तिच्या सासूनं हेच केलं. तुमी काल आल्या अन मले शिकवता?" मग तिच्या ध्यानात येत गेलं. ती एकेका घराचं नाव घ्यायला लागली. "मंग किसनाची पोरगी? मंग देवकाचं पयलं? माह्या हातानं गेलं काय वो ते?"

खरं सांगावं तर ती मोडते. खोटं सांगावं तर पुढचं लेकरू जातं.

वानखडेबाबू तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "माय, तुले कोणी सांगतलंच नाही. आमचे कागद कार्यालयात पडून होते, आमी वाचले नाही. तू तं अडाणी आहेस, आमी शिकलेलो आहोत. मंग चूक कोणाची?" मग म्हणाले, "माहीही पोरगी अशीच गेली, माय. दुसऱ्या गावी. त्या सुईणीवर मी राग धरला नाही. तूही तुह्यावर धरू नको."

गंगामायनं उठून विचारलं, "पाणी किती वेळ उकळाचं, सांग."

त्या दिवसापासून तिनं उकळलेलं पातं आणि उकळलेला दोरा याशिवाय नाळ कापली नाही. राख बंद. आसपासच्या सुईणींना तिनंच शिकवलं, आमच्यापेक्षा चांगलं शिकवलं, कारण ती त्यांना शिव्याही देऊ शकत होती. आणि वानखडेबाबूंना शब्दही तिनंच सगळ्यात जास्त दिले. मी आकडे सांगणार नाही. एवढंच सांगते, की पुढच्या वर्षांत त्या खेड्याचं पान वाचताना माझा आवाज बसला नाही.

शब्दसंग्रह छापावा म्हणून त्यांनी वर लिहिलं होतं. उत्तर आलं की विचार चालू आहे. दुसऱ्यांदा लिहिलं, पुन्हा तेच आलं. मग त्यांनी हातानं दोन प्रती केल्या, एक अमरावतीची, एक अकोल्याची. नवा शब्द आला की दोन्हीकडे लिहायचा. दर महिन्याला ते अकोल्याला यायचे, नाहीतर मी इथं यायची.

शेवटचे ते आले ते गेल्या महिन्यात.

हे मी घरी कोणाला सांगितलेलं नाही. वहिनी, तुम्हालाही काल सांगितलं नाही. आता सांगते. त्या दिवशी जिना चढून आले तेव्हा घामानं ओले झाले होते. बसले, पाणी प्यायले. मी विचारलं, "बरं नाही का?" म्हणाले, "पित्त झालं वाटते. सकाळपासून छातीत जळजळ होऊन राहिली." मी म्हटलं, "लिंबू-सोडा घ्या." आणि मी माझं काम करायला लागले.

पित्त. मी तो शब्द ऐकला आणि पुढे विचारलं नाही. कळ हातात जाते का? चालताना वाढते का? पहिल्या दिवशी काय झालं? मग काय झालं? ज्या माणसानं मला एका शब्दावर थांबू नको हे शिकवलं, त्याच माणसाच्या शब्दावर मी थांबले. मी नर्स आहे. मला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. चार दिवसांनी तार आली, हृदयाच्या झटक्यानं गेले म्हणून.

डॉक्टरसाहेबांना तेवढं सांगितलं होतं. ते म्हणाले, विचारलं असतं तरी कदाचित काही झालं नसतं. कदाचित. साहेब, तुम्ही माझ्या भल्यासाठी म्हणालात, मला कळतं. पण तो दिवस मला जन्मभर सोबत करणार आहे. वहिनी, मी तुमची क्षमा मागत नाही. क्षमा मागितली की तुम्ही लगेच द्याल, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. मला ती इतक्या सहज मिळायला नको. मी फक्त सांगून टाकलं.

आता त्यांचे गठ्ठे कोणी सांभाळायचे? अकोल्याची प्रत मी सांभाळीन, मी नोकरीत आहे तोवर. अमरावतीच्या प्रतीचं काय? ती कपाटावर चढेल आणि तिथंच राहील, ही मला भीती आहे. इथं कार्यालयातली तरुण मंडळी बसली आहेत. मी तुमच्यापुढे पदर पसरते. तुमच्यापैकी एकानं उद्या ते कपाट उघडावं. एकच जण पुरे. काही अडलं तर मला कार्ड टाका. मी उत्तर देईन. मला माहीत नसेल तर मी जाऊन विचारीन.

गंगामाय आज इथं आहे. पुढच्या रांगेत, वहिनींच्या शेजारी. पाय सुजलेत, तरी बैलगाडी आणि मग एसटी करून आली. सकाळी मला म्हणाली, "बाई, मले बोलता येत नाही. तू बोलजो. सांगजो का तो माह्यासमोर खाली बसला होता."

सांगितलं, माय.

मंडळी, आता आपण थोडा वेळ शांत राहू. घड्याळ कोणी पाहू नका. मी बसले की संपलं असं समजा. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसूनच राहावं, गंगामाय, तूही बस. आणि मायबहिणींनो, तुमच्या मांडीवर लेकरं आहेत. मधेच एखादं रडायला लागलं तर त्याचं तोंड दाबू नका, त्याला बाहेर नेऊ नका. रडू द्या. वानखडेबाबूंना त्याचा त्रास झाला नसता.

नामदेवराव, तुम्हाला आम्हा सगळ्यांचा नमस्कार.